प्रीअँपची किंमत आणि खोलीचा आवाज

घरगुती ध्वनिमुद्रणात प्रीअँप या उपकरणाला मिळालेली प्रतिष्ठा त्याच्या प्रत्यक्ष कामाच्या मानाने फार मोठी आहे, आणि या विसंगतीची किंमत घरातल्या एखाद्या खोलीत गाणे, वाद्य किंवा निवेदन मुद्रित करणाऱ्या कलावंताला रोख पैशात मोजावी लागते. दहा ते वीस हजार रुपयांच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या छोट्या पेटीत, प्रीअँप अंगभूतच असतो. तरीही ‘व्यावसायिक’ दर्जाचा आवाज हवा असेल तर त्याऐवजी लाखाच्या घरातला स्वतंत्र प्रीअँप घ्यावा, असा सल्ला नवख्याला वारंवार मिळतो. हा सल्ला एके काळी बरोबर होता. तो ज्या परिस्थितीत बरोबर होता ती परिस्थिती मात्र आता उरलेली नाही, आणि हे ध्यानात न घेता केलेली खरेदी वाया कशी जाते याचे विवेचन, प्रस्तुत लेखकाने केलेल्या तुलनांच्या आणि उत्पादकांनी स्वतः जाहीर केलेल्या मापांच्या आधारे, येथे केले आहे.

मायक्रोफोन हवेच्या दाबातील सूक्ष्म बदलांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. परंतु हा संकेत अतिशय क्षीण असतो. शुअर कंपनीचा एसएम ७ बी हा निवेदकांचा आवडता डायनॅमिक मायक्रोफोन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा मायक्रोफोन, एक पास्कल दाबाला, अर्थात ९४ डेसिबलच्या चांगल्या मोठ्या आवाजाला, जेमतेम १.१२ मिलिव्होल्ट देतो. याउलट रोड कंपनीचा एनटी १-ए हा कंडेन्सर, म्हणजे विद्युतभारित पडद्यावर चालणारा आणि ४८ व्होल्टचा बाहेरचा पुरवठा लागणारा मायक्रोफोन, तेवढ्याच आवाजाला सुमारे २५ मिलिव्होल्ट देतो. (या पुरवठ्याला फँटम पॉवर म्हणतात आणि तो मायक्रोफोनच्या त्याच केबलमधून इंटरफेसकडून येतो.) संकेताचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या परिवर्तकाला मात्र साधारण व्होल्टच्या आसपासचा संकेत लागतो, आणि ही मधली दरी भरून काढणे, म्हणजे संकेताचा आकार न बदलता तो शेकडो किंवा हजार पटींनी वाढवणे, एवढेच प्रीअँपचे मूळ काम आहे. या वाढीला गेन म्हणतात. ती डेसिबलमध्ये मोजतात, आणि व्होल्टेजच्या संदर्भात २० डेसिबल म्हणजे दहापट, ४० म्हणजे शंभरपट आणि ६० म्हणजे हजारपट असा तिचा हिशेब आहे.

संकेत वाढवताना प्रीअँप स्वतःची थोडी खरखर त्यात मिसळतो, आणि त्याच्या दर्जाचे पहिले माप ही खरखर किती हेच असते. तिला एक निसर्गदत्त खालची मर्यादा आहे. कोणत्याही वाहकातले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्ताव्यस्त हलत असतात आणि त्यातून अगदी बारीक विद्युत गोंगाट निर्माण होतो, हे १९२८ साली बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी मोजून आणि हॅरी नायक्विस्ट यांनी गणिताने दाखवले. मायक्रोफोनचा अंतर्गत रोध साधारण १५० ओहम धरला तर खोलीच्या तापमानाला आणि माणसाच्या श्रवणाच्या पट्ट्यात हा गोंगाट सुमारे उणे १३१ डीबीयू भरतो. डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्टला शून्य मानून केलेली मोजणी. जगातला कोणताही प्रीअँप, त्याची किंमत काहीही असो, या मायक्रोफोनबरोबर उणे १३१ च्या खाली जाऊ शकत नाही. प्रीअँपची खरखर त्याच्या प्रवेशद्वाराशी आणून मोजली की जो आकडा मिळतो त्याला ईआयएन म्हणतात आणि माहितीपत्रकात तो याच नावाने छापलेला असतो. फोकसराइट कंपनीच्या स्कार्लेट मालिकेतल्या तिसऱ्या पिढीच्या, सर्वसामान्य खिशाला परवडणाऱ्या इंटरफेसचा जाहीर ईआयएन उणे १२८ आहे. नीव्ह १०७३ या जगभर नावाजलेल्या आणि कित्येक पट महाग प्रीअँपचा जाहीर ईआयएन ६० डेसिबल गेनला ‘उणे १२५ पेक्षा चांगला’ असा आहे. पहिला आकडा कानाच्या संवेदनक्षमतेनुसार भारित करून, म्हणजे ज्या कंपनांना कान कमी दाद देतो त्यांना कमी वजन देऊन काढलेला असल्यामुळे तो सुमारे दोन डेसिबलनी अधिक चांगला दिसतो, ही बाब तुलना करताना वजा केलीच पाहिजे. ती वजा केल्यावरही दोन्ही उपकरणे खरखरीच्या बाबतीत एकाच पंक्तीला बसतात, आणि स्वस्त इंटरफेस निसर्गाच्या मर्यादेपासून पाचएक डेसिबलच्या अंतरावर उभा आहे, हे उघड होते.

हे पाच डेसिबल घरात ऐकू येतात का, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर साध्या हिशेबाने काढता येते. एसएम ७ बी हा मागे सांगितल्याप्रमाणे फार क्षीण संकेत देणारा मायक्रोफोन असल्यामुळे प्रीअँपची सर्वांत कठीण परीक्षा तोच घेतो. एक पास्कलला १.१२ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे उणे ५७ डीबीयू. प्रीअँपची खरखर उणे १२८ असेल तर दोहोंतले अंतर ७१ डेसिबल, आणि ९४ मधून ७१ वजा जाता ही खरखर खोलीतल्या २३ डेसिबलच्या आवाजाइतकी ठरते. सर्वथा निर्दोष, निसर्गाच्या मर्यादेला टेकलेला, म्हणजे याच भारित मोजणीत पाच डेसिबलनी सरस प्रीअँप लावला तर ती १८ वर येईल. आता खोलीतली स्वतःची शांतता पाहावी. शहरी सदनिकेत रात्री, पंखा आणि खिडक्या बंद करून ३० ते ३५ डेसिबलपर्यंत उतरता आले तरी ती खोली शांत म्हणावी लागते. दिवसा, रस्त्यालगत, ४० च्या खाली जाणे कठीण असते. ३५ डेसिबलच्या खोलीत प्रीअँपच्या २३ ची भर पडली की एकूण गोंगाट सुमारे ३५.३ होतो, निर्दोष प्रीअँपच्या १८ ची भर पडली तर ३५.१. लाखाच्या खर्चाने मिळवलेला फरक पाव डेसिबलहूनही कमी आहे. कंडेन्सर मायक्रोफोनच्या बाबतीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण २५ मिलिव्होल्टच्या जोरकस संकेतापुढे त्याच प्रीअँपची खरखर शून्य डेसिबलच्याही खाली जाते आणि मायक्रोफोनची स्वतःची, एनटी १-ए मध्ये ५ डेसिबल इतकी अल्प असलेली खरखरसुद्धा तिला सहज झाकते.

या हिशेबाला एक अपवाद जोडणे प्रामाणिकपणाचे होईल. खोलीचा गोंगाट मुख्यतः खालच्या सप्तकातला, घरघरीच्या जातीचा असतो, तर प्रीअँपची खरखर सर्व सप्तकांत पसरलेली असून वरच्या भागात ती ‘शू’ अशा आवाजाने वेगळी जाणवते. त्यामुळे बेरीज पाव डेसिबलची असली तरी अतिशय शांत खोलीत, हळू बोलणाऱ्या निवेदकाच्या दोन वाक्यांमधल्या विरामात, ती खरखर सजग कानाला सापडू शकते. जो निवेदक मध्यरात्री २५ डेसिबलपर्यंत उतरणाऱ्या खोलीत, डायनॅमिक मायक्रोफोनवर, कुजबुजीच्या सुरात वाचतो त्याच्यासाठी हे पाच डेसिबल निरर्थक नाहीत. पण त्यांतला काही भाग त्यालाही कमी खर्चात दुसऱ्या मार्गाने मिळतो. तो मार्ग पुढे सांगितला आहे.

याच ठिकाणी एक सार्वत्रिक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इंटरफेसचा गेन शेवटपर्यंत फिरवूनही आलेख लहान दिसतो, म्हणून प्रीअँप दुबळा आहे असा निष्कर्ष काढला जातो आणि खरेदीचा निर्णय बहुधा याच क्षणी होतो. प्रत्यक्षात गेनची कमतरता आणि खरखर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. १६ बिटच्या आणि चुंबकीय फितीच्या काळात संकेत वरच्या पातळीलाच मुद्रित करावा लागत असे, कारण खाली माध्यमाचा स्वतःचा गोंगाट दबा धरून बसलेला असे. २४ बिटच्या आजच्या परिवर्तकांत तो गोंगाट पूर्ण पातळीच्या ११० किंवा अधिक डेसिबल खाली असतो, तर पूर्ण गेनवरच्या प्रीअँपमधून येणारी खरखर त्याच्या बरीच वर असते. म्हणून सरासरी उणे २५ किंवा उणे ३० डेसिबलला झालेले ध्वनिमुद्रण नंतर संगणकात वाढवले तर संकेत आणि खरखर समप्रमाणात वाढतात, दोहोंतले अंतर जसेच्या तसे राहते आणि दर्जात काहीही उणे होत नाही. लहान दिसणारा आलेख हा डोळ्यांचा प्रश्न आहे. कानाला त्याची बाधा होत नाही.

मग प्रीअँपविषयीची श्रद्धा आली कुठून? ती स्टुडिओच्या इतिहासातून आली आणि तिच्या मुळाशी खरा अनुभव होता. दीर्घकाळपर्यंत प्रीअँप ही स्वतंत्र वस्तू नव्हतीच. ती मोठ्या मिश्रणमंचाच्या, म्हणजे ज्याला सर्वजण कन्सोल म्हणतात त्याच्या, प्रत्येक पट्टीतला एक भाग होती. रूपर्ट नीव्ह या इंग्रज अभियंत्याने १९७० मध्ये लंडनच्या वेसेक्स स्टुडिओच्या कन्सोलसाठी १०७३ हा विभाग रचला. त्यात प्रवेशाला आणि निर्गमनाला लोखंडी गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर होते आणि वर्धन सुट्या ट्रान्झिस्टरांनी होत असे. पुढे हे कन्सोल मोडीत निघू लागले तेव्हा त्यांतले विभाग सोडवून, पेटीत बसवून विकले जाऊ लागले. १९९० च्या दशकात घरी वापरता येतील अशी अंकीय बहुपट्टी मुद्रणयंत्रे आली आणि त्यांच्या पुढ्यात जे स्वस्त मिक्सर असत त्यांचे प्रीअँप खरोखरच खरखरीत, लवकर फाटणारे आणि खालच्या सुरांत ढिले असत. अशा मिक्सरला बगल देऊन एक चांगला प्रीअँप थेट मुद्रणयंत्राला जोडला की आवाज स्वच्छ होत असे, हे ज्यांनी त्या काळी अनुभवले त्यांचा सल्ला अनुभवातून आलेला होता आणि त्याचा आदरच केला पाहिजे.

बदल घडला तो वर्धकाच्या रचनेत आणि चिपच्या निर्मितीत. ग्रेम कोहेन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या दुहेरी संतुलित मायक्रोफोन वर्धकासारख्या रचनांनी महाग ट्रान्सफॉर्मरशिवाय अत्यल्प खरखर साधण्याचा मार्ग दाखवला. पुढे हीच कल्पना एका चिपमध्ये मावली आणि दॅट कॉर्पोरेशनच्या १५१० किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आयएनए २१७ यांसारख्या, काही शे रुपयांत मिळणाऱ्या चिपांमध्ये निसर्गाच्या मर्यादेला जवळपास भिडणारी कामगिरी उपलब्ध झाली. महागड्या पेटीची आजची किंमत मुख्यतः हाताने गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरची, जाड पत्र्याच्या खोक्याची, भक्कम वीजपुरवठ्याची, थोड्या संख्येच्या उत्पादनाची, आणि भारतात त्यावर आयातशुल्क व करांची असते. खरखर कमी करण्याचा खर्च त्यात फार थोडा उरला आहे.

तरीही महागडा प्रीअँप लावल्यावर आवाज सुधारल्याचे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांना तो खरोखरच सुधारलेला ऐकू येतो. याचे पहिले कारण पातळी. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवले की आवाज मोठा झाला की कानाला खालचे आणि वरचे सूर मधल्या सुरांच्या तुलनेत अधिक भरीव वाटू लागतात. त्यामुळे अर्धा-एक डेसिबल मोठ्याने वाजणारे ध्वनिमुद्रण ‘मोठे’ न वाटता ‘समृद्ध’, ‘उबदार’, ‘खुले’ वाटते, आणि दोन प्रीअँपचे खटके हाताने जुळवले तर इतका फरक राहतोच. दुसरे कारण दृष्टी आणि अपेक्षा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्पीकरांवरील प्रयोगात त्याच श्रोत्यांनी तेच स्पीकर समोर दिसत असताना आणि पडद्याआड असताना वेगवेगळे जोखले. मोठे, महाग स्पीकर दिसत असताना गुण वाढत आणि पडद्याआड ते उतरत, आणि या श्रोत्यांत अनुभवी लोकही होते. तिसरे कारण क्वचितच कुणाच्या ध्यानात येते: नवी वस्तू घरात आली की कलावंत अधिक काळजीने मायक्रोफोन मांडतो, पंखा आठवणीने बंद करतो, तोंड जवळ नेतो आणि गातोही मन लावून; त्यामुळे जुन्या आणि नव्या ध्वनिमुद्रणात प्रीअँपखेरीज बाकी सारेही बदललेले असते.

तुलना विश्वासार्ह करायची तर एकाच मायक्रोफोनचा संकेत ट्रान्सफॉर्मर असलेल्या विभाजकाने दोन प्रीअँपना एकाच वेळी द्यावा, म्हणजे गायन एकच राहील. दोहोंची पातळी आधी चाचणीच्या सुराने ०.१ डेसिबलपर्यंत जुळवावी. आणि फाइलींची नावे दुसऱ्या कुणाकडून बदलून घेऊन त्या अनेक वेळा, उलटसुलट क्रमाने ऐकाव्यात. प्रस्तुत लेखकाच्या अशा तुलनांत पातळी जुळवण्यापूर्वी महागडा प्रीअँप हमखास वरचढ भासला आणि पातळी जुळवून नावे झाकल्यावर निवड कौल लावल्यासारखी विखुरली. त्याच बैठकीत मायक्रोफोन वीतभर बाजूला सरकवला तेव्हा मात्र तो फरक संगीताशी संबंध नसलेल्या श्रोत्यालाही पहिल्याच ऐकण्यात ओळखता आला. हा विरोधाभास या संपूर्ण विषयाचा गाभा आहे आणि त्याची कारणे खोलीत शोधावी लागतात.

महाराष्ट्रातल्या शहरी घराची सर्वसाधारण खोली ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने अवघड असते. जमिनीला फरशी, भिंतींना गुळगुळीत गिलावा, एका बाजूला अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा आणि वर काँक्रीटचे सपाट छत, असे सहाही पृष्ठभाग आवाज परतवणारे असतात. दहा बाय बाराच्या खोलीत दहा फुटांच्या अंतरामध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो, त्याच्या दुप्पट ११२ हर्ट्झवर तो पुन्हा घुमतो, आणि हा दुसरा सूर नेमका पुरुषी बोलण्याच्या मूळ स्वराच्या प्रदेशात पडतो. छतही जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असेल तर दोन दिशांचे घुमणे एकमेकांवर चढते आणि निवेदकाचे काही शब्द विनाकारण फुगलेले ऐकू येतात. याहून सूक्ष्म दोष जवळच्या पृष्ठभागांचा असतो. वाचनाच्या टेबलावरून परतलेला आवाज सरळ आलेल्या आवाजापेक्षा ३४ सेंटिमीटर जास्त अंतर कापून मायक्रोफोनपाशी पोहोचला, तर तो एक मिलिसेकंद उशिरा येतो आणि ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी मूळ आवाजाला खोडत जातो; निवेदनाला येणारा डब्यातल्यासारखा पोकळपणा पुष्कळदा याच खाचांमुळे येतो. प्रीअँपची वारंवारता-प्रतिक्रिया, म्हणजे वेगवेगळ्या सुरांना तो किती सारखेपणाने वाढवतो याचे माप, बहुतेक उपकरणांत ऐकण्याच्या संपूर्ण पट्ट्यात अर्ध्या डेसिबलच्या आत सपाट असते; टेबलाने पाडलेल्या खाचा अनेक डेसिबल खोल असतात. ज्या दोषाचे मूळ हवेत आहे तो विजेच्या पेटीत दुरुस्त होत नाही, उलट उत्तम प्रीअँप तो अधिक निष्ठेने पुढे पोहोचवतो.

उपाय स्वस्त आहेत, मात्र त्यांना जागा आणि चिकाटी लागते. अंतर निम्मे केले की सरळ येणारा आवाज सहा डेसिबलनी वाढतो आणि खोलीत घुमणारा आवाज होता तेवढाच राहतो. म्हणून मायक्रोफोन ६० सेंटिमीटरवरून १५ वर आणला तर खोली आणि खरखर दोन्ही एकदम बारा डेसिबलनी मागे हटतात, आणि हे बारा डेसिबल कोणत्याही किमतीच्या प्रीअँपमध्ये विकत मिळत नाहीत. जवळ आल्यावर एकदिश मायक्रोफोनमध्ये खालचे सूर फुगतात, ते तोंड किंचित तिरके ठेवून आणि खालचे सूर कापणारा खटका वापरून आवरता येतात. कलावंताच्या पाठीमागे आणि बाजूंना कापसाच्या गाद्या किंवा दुपदरी गोधड्या भिंतीपासून थोड्या अंतरावर टांगाव्यात. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट हा घरातला उत्तम शोषक असतो. कायमची व्यवस्था करायची तर चार इंच जाडीच्या रॉकवूलच्या चौकटी कापडात गुंडाळून, भिंतीपासून तेवढेच अंतर सोडून लावाव्यात. बाजारात मिळणारे इंचभर जाडीचे फोम टाळावे, कारण ते फक्त वरचे सूर शोषते, खालचे घुमणे तसेच ठेवते, आणि खोली आधीपेक्षा अधिक कोंदट करते.

विजेचा गोंगाट हा याच घरांचा दुसरा रोग आहे आणि पुष्कळदा त्याचे खापर इंटरफेसमधल्या प्रीअँपवर फोडले जाते. इलेक्ट्रॉनिक पंखा-रेग्युलेटर आणि दिवे मंद करणारे खटके विजेची लहर मध्येच कापतात आणि त्यातून निर्माण होणारी, ५० हर्ट्झच्या पटींत पसरलेली चरचर जवळच्या तारांमध्ये शिरते. पंखा पूर्ण वेगाला किंवा बंद ठेवला की ती नाहीशी झाली तर निदान झाले असे समजावे. लॅपटॉपच्या दोन पिनांच्या चार्जरमुळे येणारी गुणगुण चार्जर काढून बॅटरीवर चालवल्यास थांबते. सॉकेटला खरी अर्थिंग आहे की नुसते तिसरे भोक आहे, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. संतुलित केबल, म्हणजे संकेत दोन तारांमधून परस्परविरुद्ध रूपात नेऊन दोहोंत सारखाच शिरलेला गोंगाट वजा करणारी तीन टोकांची केबल, वापरावी आणि ती विजेच्या वायरीला समांतर टाकू नये. यांतले काहीही न करता प्रीअँप बदलला तर तीच गुणगुण नव्या पेटीतूनही ऐकू येते, आणि आता तिच्यासाठी अधिक पैसे मोजलेले असतात.

महागड्या प्रीअँपच्या समर्थनार्थ दुसरा मुद्दा ‘रंगा’चा मांडला जातो आणि तो पहिल्यापेक्षा अधिक सबळ आहे. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा जोरकस, विशेषतः खालच्या सुरांच्या संकेताने संपृक्त होऊ लागला की मूळ सुराच्या पटीतले नवे सूर, म्हणजे संनादी, त्यात मिसळतात आणि आवाजाला एक दाटपणा येतो. तो अनेकांना प्रिय आहे आणि त्यांचे प्रेम अस्थानी नाही. पण १०७३ चेच जाहीर विरूपण +२० डीबीयू इतक्या जोरकस निर्गमनालाही ०.०७ टक्क्यांहून अधिक नाही. याचा अर्थ असा, की संयत पातळीला चालवलेला हा प्रसिद्ध प्रीअँप जवळजवळ रंगहीन असतो, आणि रंग हवा असेल तर त्याला मर्यादेपर्यंत रेटून त्याचा संकेत नंतर खाली आणावा लागतो. निर्गमनाला वेगळा खटका नसेल तर प्रीअँप रंगात येण्याआधीच इंटरफेसचा प्रवेश फाटतो. शिवाय असा रंग एकदा मुद्रणात उतरला की काढता येत नाही. स्वच्छ मुद्रण करून नंतर संगणकातल्या संपृक्ततेच्या प्रोग्रॅमने तो चढवला तर कमी-जास्त करता येतो, आणि घरी एकट्याने काम करणाऱ्या, निर्णय दुसऱ्या दिवशी बदलणाऱ्या कलावंताला ही मोकळीक फार मोलाची असते.

खरेदी झाल्यावरही फसगत होऊ शकते अशी एक जागा येथे नोंदवणे जरूर आहे. बाहेरचा प्रीअँप इंटरफेसच्या मायक्रोफोनच्या तीन टोकांच्या प्रवेशात खुपसला तर संकेत पुन्हा एकदा आतल्या त्याच स्वस्त प्रीअँपमधून जातो आणि वर अतिरिक्त जोरामुळे फाटतोही. तो नेहमी लाइन प्रवेशात, पाव इंची संतुलित जॅकने जोडावा. त्यातही अनेक स्वस्त इंटरफेसमध्ये लाइन प्रवेश म्हणजे संकेत आधी क्षीण करून नंतर त्याच आतल्या वर्धकातून नेणारी वाट असते. ज्या वर्धकापासून सुटका करून घेण्यासाठी लाख रुपये खर्च केले तोच वाटेत बसून राहतो. म्हणून लाइन प्रवेश थेट परिवर्तकाला जातो का आणि तो जास्तीत जास्त किती डीबीयू पेलतो, हे दोन प्रश्न प्रीअँपच्या किमतीच्या आधी विचारले पाहिजेत.

काही कामांना मात्र चांगल्या प्रीअँपची खरी गरज असते. रिबन मायक्रोफोन, म्हणजे चुंबकाच्या खाचेत लोंबकळणाऱ्या अतिशय पातळ धातूच्या पट्टीवर चालणारा मायक्रोफोन, सारंगीसारख्या वाद्याची वरची धार सौम्य करतो म्हणून अनेकांना आवडतो. पण त्याचा संकेत डायनॅमिकइतकाच क्षीण असतो आणि तो तानपुऱ्यासारख्या मुळातच मंद वाद्यापुढे अर्ध्या मीटरवर ठेवला तर ६५-७० डेसिबल गेन आणि तोही स्वच्छ लागतो. रिबनला प्रीअँपच्या प्रवेशरोधाचीही बाधा होते, कारण त्याचा स्वतःचा रोध सर्व सुरांना सारखा नसतो आणि प्रवेशरोध कमी असेल तर काही सूर दबतात. दीड किलोओहमहून बराच अधिक प्रवेशरोध त्याला मानवतो. दुसऱ्या टोकाला तबला आहे. जवळ ठेवलेल्या कंडेन्सरमधून चाटेचा आघात इतका जोरकस येतो की गेन शून्यावर आणूनही काही प्रवेश फाटतात. परंतु तेथे मायक्रोफोनवरचा किंवा इंटरफेसवरचा पॅड, म्हणजे संकेत ठराविक प्रमाणात घटवणारा खटका, पुरेसा होतो.

मागे उल्लेख केलेल्या कुजबुजत्या निवेदकाचा, तानपुऱ्यासमोरच्या रिबनचा आणि बहुतेक डायनॅमिक मायक्रोफोनांचा प्रश्न क्लाउडलिफ्टर किंवा फेटहेड यांसारख्या, फँटम पॉवरवर चालणाऱ्या आणि २५ ते २७ डेसिबल स्वच्छ गेन देणाऱ्या मधल्या वर्धकाने सुटतो. त्याची किंमत स्वतंत्र प्रीअँपच्या छोट्याशा अंशाइतकी असते. ज्या इंटरफेसचा गेन शेवटच्या पाव फेऱ्यात एकदम उसळतो आणि तेथे खरखरही वाढते, त्याच्याशी त्याची जोडी विशेष चांगली जमते. उणे १२८ च्या आसपासच्या आधुनिक इंटरफेसबरोबर मात्र त्याचाही फायदा एक-दोन डेसिबलच्या पुढे जात नाही, आणि नव्या पिढीच्या इंटरफेसमध्ये ६९ डेसिबलपर्यंत गेन अंगभूतच येऊ लागल्याने त्याची गरज आणखी कमी झाली आहे. रिबनशी जोडताना तो फँटम पॉवर पुढे मायक्रोफोनपर्यंत जाऊ देत नाही ना, हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे.

ज्याला इतके सारे पाहूनही स्वतंत्र प्रीअँप घ्यावासा वाटतो त्याने तो प्रथम भाड्याने किंवा परिचित स्टुडिओतून दोन दिवसांसाठी आणावा, खोलीची व्यवस्था आधी पूर्ण करून मगच आणावा, वर सांगितलेल्या विभाजकाने त्याची झाकलेली तुलना करावी, आणि माहितीपत्रकातला ईआयएन भारित आहे की अभारित, किती गेनला आणि किती रोधावर मोजला आहे, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. हे तपशील न देणाऱ्या उपकरणाची किंमत ठरवण्याचा ग्राहकापाशी कोणताही आधार नसतो.